मुंग्या, बधिरपणा, लुळेपणा : निरोप नेमका कुठे अडला?

अंधारात उंबरठ्याला पायाची करंगळी आपटली की दोनदा दुखतं. पहिली कळ लगेच येते, तीक्ष्ण असते आणि नेमकं कुठे लागलं ते सांगते. तोंडातून 'आई गं' बाहेर पडतंय तोवर दुसरी येते. ती पसरट, ठसठसणारी असते आणि बराच वेळ रेंगाळते. मार एकच, कळा दोन, कारण करंगळीतून दोन जातींचे मज्जातंतू मणक्याकडे निघालेले असतात. एका जातीवर मायलीन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. त्यातून संदेश सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने जातो. दुसरी जात उघडी असते आणि तिचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढाच. पायापासून पाठीच्या कण्यापर्यंतचं अंतर मीटरभर धरा, दुसरी कळ सेकंदभर मागे का राहते याचा हिशेब लागतो.

लागलेल्या जागी आपण न शिकवता हात चोळतो, तेही उगाच नाही. स्पर्शाचे तंतू जाड आणि वेगवान असतात. त्यांचे संदेश मणक्यात पोचले की वेदनेचे संदेश तिथेच काही प्रमाणात दाबले जातात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. तपशिलात पुढे बरेच बदल झाले, पण गाभा टिकला.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. मज्जातंतूंच्या तक्रारींसाठी आपल्याकडे बहुतेक घरांत एकच निदान तयार असतं : अशक्तपणा. हाताला मुंग्या येतात, अशक्तपणा आहे. पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, अशक्तपणा आहे. सकाळी पापण्या उघडेनात, रात्री झोप झाली नसेल. मग ताकदीचं इंजेक्शन, एखादी सलाईनची बाटली, आणि 'बघू आठवडाभर'. यातल्या काही तक्रारींना आठवडा चालतो, काहींना तासभरही चालत नाही. कुठली कोणत्या प्रकारची, हे ओळखायला संदेश कसा निघतो आणि कसा पोचतो एवढं कळलेलं पुरतं.

आधी निघण्याविषयी. चेतापेशीच्या आत आणि बाहेर क्षारांचं पाणी असतं, पण ते सारखं नसतं. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या पडद्यातले पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतात, दोन पोटॅशियम आत घेतात आणि हे काम रात्रंदिवस चालू असतं. त्यामुळे स्वस्थ असलेल्या पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण राहते. स्पर्शाने, उष्णतेने किंवा दुसऱ्या पेशीच्या निरोपाने हा ऋणभार ५५ च्या आसपास उतरला की पडद्यातली सोडियमची दारं धडाधड उघडतात. सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर धन होते, लगेच ती दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि गाडी मूळपदावर येते. सगळा खेळ जेमतेम एक मिलिसेकंदाचा. एका ठिकाणी झालेल्या या उलथापालथीने शेजारची दारं उघडतात, त्यांनी त्यापुढची. दिवाळीतल्या फटाक्यांच्या माळेत एक फटाका पुढच्याची वात पेटवतो आणि शेवटचा फटाका पहिल्याइतक्याच जोराने वाजतो, तसंच हे. फरक इतकाच की माळ एकदाच वाजते, तंतू काही मिलिसेकंदांत पुन्हा तयार होतो.

यातून एक गोष्ट निघते. ही उलथापालथ म्हणजेच आवेग, आणि तो लहान-मोठा नसतो. आला तर पूर्ण येतो, नाही तर येतच नाही. चिमटा हळू काढला की जोरात, हे मेंदूला कळतं ते सेकंदाला किती आवेग आले आणि किती तंतूंनी पाठवले यावरून. आवेग कसा निघतो याचा सगळा हिशेब मांडला तो हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी, १९५२ साली. त्यांनी प्रयोग केले ते आपल्या मासळीबाजारात माकूल म्हणून मिळतो त्याच कुळातल्या प्राण्यावर, कारण त्याच्या अंगात जवळपास मिलिमीटरभर जाडीचा एक तंतू असतो आणि त्यात तार घालून व्होल्टेज मोजता येतं. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मायलीनचं आवरण असलेल्या तंतूत आवेग इंचाइंचाने सरकत नाही. आवरणात ठरावीक अंतराने मोकळ्या जागा असतात, तिथून तिथे तो उड्या मारतो. जाड, आवरण असलेल्या तंतूत वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो. तरीही संदेश ऐकून, निर्णय घेऊन हालचाल करायला वेळ लागतोच. घरी बघा : कुणाला तरी ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा, खालच्या टोकाशी चिमटीची तयारी ठेवा आणि न सांगता सोडलेली पट्टी पकडा. २० सेंटिमीटरवर पकडली तर तुम्हाला सेकंदाचा पाचवा भाग लागला. आता हाच खेळ मोबाइलवर बोलत खेळा आणि मग दुचाकी चालवताना फोन कानाला लावायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

तंतूच बिघडला तर

मांडी घालून पंगतीला तासभर बसलं की पाय बधिर होतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मज्जातंतू हाडाला अगदी लागून, कातडीच्या जवळून जातो. तिथे दाब पडला की त्याचा रक्तपुरवठा कमी होतो, पंपांना इंधन पुरत नाही आणि संदेश थांबतात. उठल्यावर पुरवठा पूर्ववत होतो, तेव्हा तंतू काही काळ स्वतःहूनच वेडेवाकडे आवेग सोडतात. त्याच मुंग्या. मिनिट-दोन मिनिटांत गेल्या तर विसरून जा. मात्र खुरपणीला किंवा कापणीला तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांमध्ये हाच दाब लांबला की पाऊल वर उचलता येईनासं होतं आणि चालताना ते जमिनीवर आपटतं. असं दिसलं तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बैठक बदलत राहणं, मध्ये मध्ये उभं राहणं हाच खरा उपाय आहे.

दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढणाऱ्या मुंग्या मात्र वेगळ्या. मोजा घातल्यासारखा बधिरपणा, रात्री तळव्यांची आग, गादीवर चालल्यासारखं वाटणं. मधुमेहात असं होतं, कारण सर्वांत लांब तंतूंना आधी झळ लागते आणि ते तळपायापर्यंत जातात. यातला धोका आगीत नाही, आग शमण्यात आहे. 'आता दुखत नाही, बरं वाटतंय' असं रुग्ण म्हणतो तेव्हा अनेकदा तंतूंनी निरोप पाठवणंच बंद केलेलं असतं. मग चपलेतला खडा दिवसभर टोचत राहतो आणि संध्याकाळी मोज्यावर रक्ताचा डाग दिसतो. त्याच जखमेवरून बोट कापायची पाळी येते.

म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने रोज रात्री तळपाय बघावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघावेत, बोटांच्या बेचक्या विसरू नयेत. घरातही अनवाणी चालू नये. दुपारच्या उन्हात देवळाच्या आवारात अनवाणी प्रदक्षिणा तर नकोच. फरशीचे चटके ज्याला कळत नाहीत त्याच्याच पायाला फोड येतात. पाय शेकायला गरम पाणी घेतलं तर ते आधी कोपराने तपासावं, पायाने नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी. ते नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवतात आणि विचारतात, कळलं का? दोन मिनिटांचं काम आहे, पैसेही फारसे पडत नाहीत, आणि तरी ती होत नाही. याचा दोष निम्मा डॉक्टरांचा, निम्मा चपला-मोजे न काढणाऱ्या आपला.

मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे आणि दूधदुभतंही कमी असलेले पक्के शाकाहारी यांच्यात व्हिटॅमिन बी-१२ कमी पडून अशाच मुंग्या येतात. रक्त तपासून कमतरता दिसली तर बी-१२ ची सुई योग्यच. न तपासता प्रत्येक मुंगीवर ती टोचून घेणं योग्य नाही, कारण खरं कारण दुसरंच असलं तर महिने वाया जातात.

कुष्ठरोगाची गोष्ट इथे टाळून चालणार नाही. रोग संपला असं अनेकांना वाटतं, पण तो संपलेला नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे खाज नाही, दुखत नाही, घाम येत नाही, तर डोळे मिटून कापसाचा बोळा फिरवून घ्या. आजूबाजूला स्पर्श कळतो आणि चट्ट्यावर कळत नाही, तर ते मज्जातंतूचं लक्षण आहे. कुष्ठरोगाचे जंतू थंड भागांतल्या, कातडीजवळच्या तंतूंत वाढतात. कोपराच्या आतल्या बाजूचा तंतू जाड लागतो, पुढे करंगळी-अनामिका वाकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळतं आणि ते वेळेत सुरू केलं तर बोटं शाबूत राहतात. लाज वाटून घरी बसणाऱ्याची राहत नाहीत.

तंतूवरच्या मायलीनवर शरीराने स्वतःच हल्ला केला तर काय होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात सगळ्यांनी पाहिलं. गिया बारे सिंड्रोम म्हणजेच जीबीएस. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते, काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून मज्जातंतूंवर उलटते. ओळखण्याची खूण अशी : जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत दोन्ही पाय जड होतात, जिना चढवेना होतो आणि अशक्तपणा दिवसागणिक, कधी तासागणिक वर सरकतो. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय उडत नाही. अशा वेळी उद्यापर्यंत थांबू नका. श्वासाचे स्नायू गळाले तर व्हेंटिलेटर लागतो, पण वेळेत पोचलेले बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनी तोंड फिरवायचं कारण नाही. पाणी मात्र उकळून प्यायचं.

सोडियमच्या त्या दारांकडे आणखी एकदा वळतो. दात काढताना डॉक्टर लिग्नोकेन टोचतात, ते ही दारं उघडू देत नाही, म्हणून वेदनेचा संदेश निघतच नाही. (हिरडी जागी होईपर्यंत जेवू नका. स्वतःचाच गाल चावला तरी कळत नाही.) लाल विंचवाचं विष याच्या बरोबर उलट काम करतं. दारं वेळेवर मिटत नाहीत आणि तंतू आवेगांवर आवेग सोडत राहतात. स्वायत्त मज्जासंस्थेत ते वादळ उठलं की दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. कोकणात याने पूर्वी फार मुलं जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. आपण लक्षात ठेवायचं ते हे : विंचू चावल्यावर किती दुखतंय यावरून धोका मोजू नका. घाम, उलटी आणि गार हातपाय दिसले की गाडी काढा. विशेषतः लहान मूल असेल तर ही लक्षणं दिसायचीही वाट बघू नका.

फट ओलांडताना

तंतू शेवटपर्यंत जातो आणि थांबतो. पुढच्या पेशीला तो चिकटलेला नसतो. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यात साधारण ५० नॅनोमीटरची फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. ती विजेने ओलांडली जाते की रसायनाने, यावर बराच काळ वाद चालला. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली, एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून त्याचे ठोके मंद केले आणि त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. त्याचेही ठोके मंद झाले. म्हणजे द्रवात काहीतरी उतरलं होतं. ते ॲसिटिलकोलिन. स्नायूंनाही हात हलवायची आज्ञा त्याच रसायनातून मिळते. आवेग टोकाशी आला की कॅल्शियम आत शिरतं, ॲसिटिलकोलिनने भरलेल्या पिशव्या फटीत रित्या होतात, पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहक रेणूंवर ते बसतं, स्नायू आकुंचन पावतो. आणि लगेच एक विकर ते तोडून टाकतं, नाही तर स्नायू आकुंचलेलाच राहील. सोडणं, बसणं, साफ करणं. या तीन पायऱ्यांपैकी कुठली बिघडली यावर जीव अवलंबून असतो.

मण्यार पहिल्या दोन्ही बिघडवते. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्यांना ती चावते. दाताच्या खुणा दिसतीलच असं नाही, सूज नाही, आगही नाही. म्हणून माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, आणि घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, घोट गिळवत नाही, आवाज नाकातून येतो. सकाळी उठल्यावर कुणाचं असं पोट दुखत असेल तर त्याला वर बघायला सांगा, पापण्या वर जातात का ते पाहा. उशीवरून मान उचलायला सांगा. एका दमात आकडे मोजायला लावा. वीसच्या आत दम तुटला तर श्वासाचे स्नायू हरत आहेत असं समजा. या चाचण्या चांगल्या आल्या तरी संशय असेल तर दवाखाना गाठायचाच, आणि तोही प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेला. १०८ ला फोन करताना 'सर्पदंशाचा संशय' हे शब्द स्पष्ट सांगा. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, रक्त चोखू नका. पायाला काठी बांधून तो हलणार नाही असं करा, तोंडातून लाळ गळत असेल तर कुशीवर झोपवा.

नातेवाइकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नागाचं विष मुख्यतः ग्राहकांवर बसतं. प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन दिलं की कधी कधी तासाभरात पापण्या उघडतात. मण्यारीचं विष तंतूचं टोकच नासवतं, ते पुन्हा वाढायला दिवस लागतात आणि तोवर प्रतिविष कितीही दिलं तरी फरक दिसत नाही. रुग्ण डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, पण अनेकदा तो शुद्धीवर असतो, ऐकत असतो. त्याच्या खाटेशी उभं राहून निर्वाणीचं बोलू नका आणि 'काही उपयोग नाही' म्हणून घरी नेऊ नका. प्रतिविषाचा डोस वयावर किंवा वजनावर ठरत नाही. सापाने मुलाला कमी विष दिलेलं नसतं, त्यामुळे 'लहान आहे, अर्धंच द्या' असा आग्रहही धरू नका. प्रतिबंध साधा आहे : खाट, आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी.

तिसरी पायरी, म्हणजे साफसफाई, बंद पाडतात ती ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही नावं शेतकऱ्याला पाठ असतात. विकर अडकतं आणि ॲसिटिलकोलिन फटीत साचत जातं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, घाम, जुलाब, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, कातडीखाली वळवळणारे स्नायू आणि शेवटी छातीत भरलेला कफ. गंमत म्हणावी की काय, नागदंशात डॉक्टर निओस्टिग्मिन देतात तेही याच विकराला रोखतं, फक्त मोजून आणि थोड्या वेळापुरतं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांचा जीव गेला. हवा दमट, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, अंगात साधा सदरा. औषध फक्त पोटात गेल्यानेच बाधतं असं नाही, ते कातडीतून आणि श्वासातूनही जातं.

फवारताना वारा पाठीवर असू द्या, पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे आणि मास्क वापरा, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नका, आणि फवारणी संपवून हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका. शेवटचं सांगून ऐकलं जात नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहितो. ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. दुपारी मळमळायला लागलं, डोळ्यांपुढे धूसर झालं की 'ऊन लागलं' म्हणून झाडाखाली झोपवू नका. बाहुल्या बघा. माणसाला शेताबाहेर आणा, कपडे काढा, अंग-केस साबणाने भरपूर पाण्याने धुवा, धुणाऱ्याने स्वतःच्या हातावर मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. ओकारी काढायला लावू नका, दूध-तूप पाजू नका. औषधाची बाटली झाकण लावून सोबत घ्या, कारण विष कोणतं हे ठरवताना डॉक्टरांना त्यावरचं नाव लागतं.

डॉक्टरांना काय सांगायचं

'अशक्तपणा आहे' म्हणू नका. कुठे, कधीपासून, एका बाजूला की दोन्ही, वर चढतोय की आहे तिथेच आहे, स्पर्श कळत नाही की जोर लागत नाही, हे सांगा. बटण लावता येत नाही, दुधाची पिशवी हातातून पडते, जिना चढताना कठडा धरावा लागतो, असं सांगितलं की डॉक्टरांना अर्धी वाट कळते. सकाळी बरं आणि संध्याकाळी पापण्या जड, असा चढउतार असेल तर तोही सांगा. बिघाड फटीत असल्याची ती खूण असू शकते. सगळी चालू औषधं दाखवा, गावठी काढे आणि भस्मंसुद्धा.

मज्जातंतूंची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, लिहून दिली तर घाबरू नका. कातडीवर छोटे विजेचे झटके देऊन संदेश किती वेगाने आणि किती जोराने पोचतो ते मोजतात. हाताच्या मुख्य तंतूंत वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास किंवा वर, पायात ४० च्या आसपास किंवा वर असावा. वेग फार घटला तर मायलीनला इजा, जोर घटला तर तंतूच कमी झाले, असा ढोबळ अर्थ निघतो. गार हातापायांत वेग खोटा कमी दिसतो, म्हणून हिवाळ्यात हात आधी शेकून घेतात. हृदयात पेसमेकर असेल तर टेक्निशियनला आधी सांगा. आणि त्या दिवशी सकाळी अंगाला तेल किंवा क्रीम लावू नका; कातडी तेलकट असली की इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत आणि सगळी तपासणी पुन्हा करावी लागते.